मोती घोरा आणि कातळावरची ट्राम

कुलाबा जिल्ह्यातल्या शाळेत तिसऱ्या इयत्तेला ज्यांनी माझे तालुक्याच्या माहितीचे पुस्तक वाचले असेल, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनीही वाचावे. कातळपाड्याला जाण्याचा योग त्यांना क्वचितच येईल, आणि गाव पाहण्यासारखे आहे.

त्या पुस्तकात एक वाक्य होते: 'कातळपाडा येथे मराठेशाहीतील शूर घोडेस्वार मोतीराव घोरे यांची समाधी आहे.' हे वाक्य खोटे आहे. असा कोणी घोडेस्वार झाला नाही. ते वाक्य संगमरवरात कोरले जाण्याआधी थांबवावे म्हणून गेल्या माघात मी सपत्नीक तिकडे जाऊन आलो.

त्याचे असे झाले. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडी एक दिवस पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ आले. खांद्यावर वालाची थैली, डोक्याला लाल टोपी. "मास्तर, वळखलाव का? मी हिराजी. पांडूचा हिरू. तुमच्या तिसरीन व्हतो." कातळपाड्याच्या शाळेत मी अगदी तरुणपणी दोन वर्षे शिकवले होते. हिराजी आता गावचा पंच आहे. मोतीरावांचा आता मोतीबा देव झाला आहे, त्याचे देऊळ बांधायचे ठरले आहे, मुंबईहून संगमरवरी फरशी आली आहे, माघातल्या जत्रेत ती बसवायची, आणि तिच्यावर माझे वाक्य जसेच्या तसे कोरायचे, असे त्यांनी सांगितले. "पाथरवटाला अक्षरं तुमी काढून द्याची. तुमच्या हातची. मंग कोनाची टाप न्हाय बोलाची."

मी येतो म्हणालो. ते गेल्यावर सौभाग्यवती आतून आल्या. "इथल्या इथे का नाही सांगितलंत त्यांना?"

"तिथे जाऊन सांगेन. सगळ्यांसमोर."

"लग्न झाल्यापासून तेच ऐकते आहे. मी येणार बरोबर. नाहीतर फरशीला हार घालून याल."

धरमतर

भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने धरमतरला उतरलो. तिथून पुढे मचवा. तांडेल म्हणाला, लगेच बसा, पाणी फिरेल. पण धक्क्यावर चहाचे दुकान दिसले आणि मला चहा प्यावासा वाटला. त्या एका कपाने घोटाळा केला. खाडीच्या फाट्यात शिरल्यावर ओहोटी लागली, आणि गाव समोर दिसत असता मचवा चिखलात बसला.

"मास्तर, भरतीची येल पुस्तकान लिवलेली न्हाय का?" तांडेलाने विचारले, आणि मला पाठीवर घेतले. मी धोतर सावरू लागलो तसा ओरडला, "हलू नका! हलाल तं दोघंव चिखलान जाव!" अंगठ्यात अडकवलेला माझा एक पुणेरी जोडा तेवढ्यात निसटला आणि चिखलाने तो गिळून टाकला. सौभाग्यवती कासोटा खोचून, कोणाच्याही पाठीवर न बसता, माझ्या आधी काठाला लागल्या होत्या. गावात मी एका पायात जोडा घालून शिरावे की दोन्ही पाय अनवाणी ठेवावे, यावर त्यांनी बराच विचार केला आणि उरलेला जोडाही खाडीत टाकायला लावला.

चढणीवर हिराजी हार घेऊन उभे होते. माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहून म्हणाले, "बरा झाला. आता तुमी आमच्यातलंच दिसताव."

अलीकडचा कालवा

हा मुलूख समजावून घ्यायचा असेल तर दोन्ही हातांचे पंजे समोरासमोर धरावेत, बोटांची टोके एकमेकांना न लागतील असे. उजवा पंजा उत्तरेची खाडी, डावा दक्षिणेची. बोटे म्हणजे खाड्यांचे फाटे. मधे जी फट राहिली ती काळ्या कातळाची सोंड. तिच्या माथ्यावर कातळपाडा आहे.

दक्षिणेकडची मिठागरे आणि भाताची कोठारे यांचा माल मुंबईला न्यायचा तर गलबतांना उघड्या समुद्रातून भूशिराला वळसा घालावा लागे. वारा फिरला की चार-चार दिवस नांगर टाकून बसायचे, आणि मीठ भिजायचे. मुंबईच्या एका शेटजींच्या मनात आले की दोन्ही बाजूंनी कालवे खणावे आणि खाडीला खाडी जोडून टाकावी. खाजणाची जमीन मऊ, तिथे खणणे सोपे गेले. दोन्हीकडून कालवे आत येत येत कातळाशी पोहोचले आणि थांबले. सुरुंग लावून पाहिले. कातळाचे टवके उडाले, शेटजींचा धीर सुटला. मग त्यांनी कातळ फोडायचा नाद सोडून कातळावरून जायचे ठरवले. अलीकडच्या कालव्याच्या टोकापासून पलीकडच्या कालव्याच्या टोकापर्यंत लोखंडी रूळ टाकले, त्यावर चाकांचे उघडे डबे ठेवले आणि घोडे आणले. त्या तालुक्यात आगगाडी नव्हती. पण कातळपाड्यात ट्राम होती. तिथले लोक तिला टराम म्हणत.

मी शाळेवर रुजू झालो तेव्हा ही ट्राम बंद पडून थोडीच वर्षे झाली होती. धरमतरला आगबोटी नेमाने लागू लागल्या, शेटजी वारले, मुलांना त्यात रस नव्हता. रूळ भंगारात गेले. जे गेले नाहीत ते गावाने ठेवून घेतले. आज हिराजींच्या दारावरची तुळई ट्रामच्या रुळाची आहे. विहिरीवरचा रहाट रुळाच्या तुकड्यावर फिरतो. आणि शाळेची घंटा म्हणजे दोरीने टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. मी रोज तीच घंटा वाजवून मुलांना आत घ्यायचो, आणि मग सरदार मोतीराव शिकवायचो.

ते कसे घडले तेही इथेच सांगतो. सोंडेच्या माथ्यावर एक काळा दगड उभा होता. त्यावर टाकीने ओबडधोबड अक्षरे ठोकलेली: 'मोती घोरा'. मी वाईचा, त्या मुलखात नवा. वरिष्ठांनी तालुक्याची माहिती लिहून मागवली होती. घोरा हे मला घोरे या आडनावाचे रूप वाटले, घोरे नावाचे एक कुटुंब आमच्या आळीत होते. माथ्यावरची जागा, उभा दगड, आणि मनात इतिहासाची आवड. मोतीराव तयार व्हायला एक दुपार पुरली. तपासनीसांनी त्या वाक्याखाली 'उत्तम' असे लिहिले.

पुस्तक छापून आले. आणि मग एके दिवशी वर्गात वाचन चालू असता एक मुलगा 'घोडा' या शब्दाला 'घोरा' म्हणाला. मी छडी उचलली. सगळी मुले तसेच म्हणत, त्या बोलीत 'ड' चा 'र' होतो, आणि त्याबद्दल मी त्यांना रोज मारत असे. त्या दिवशी छडी हातात तशीच राहिली. घोरा म्हणजे घोडा. दगडावर एका घोड्याचे नाव होते.

त्याच आठवड्यात दोन माणसे शाळेच्या पायरीपाशी आली. एक दाऊदमियाँ, ट्रामचे घोडे हाकणारे. दुसरा पांडू, ट्रामच्या डब्यांच्या ब्रेकचा दांडा धरणारा. पांडूने हात जोडले. "मास्तर, त्यो दगर मी ठोकलाय. आमच्या मोतीचा हाय." दाऊदमियाँ नुसते माझ्याकडे पाहत उभे राहिले.

मी म्हणालो, "छापलेलं बदलता येत नाही." आणि मुलांना पुढचा धडा काढायला सांगितले. पुढच्या वर्षी माझी बढतीवर बदली झाली.

कातळपाडा

हिराजींच्या घरी आमचे फार चांगले झाले. आम्हाला चालणार नाही म्हणून कोरा शिधा, नवे मडके आणि ओसरीच्या कडेला वेगळी चूल. मुंबईत आता ही सोवळी फारशी उरली नाहीत, पण इथे त्यांनी ती आमच्यासाठी जपून ठेवली होती, आणि त्यात त्यांना आपलेपणाच वाटत होता. संध्याकाळी मात्र पोपटी झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. आमच्यासाठी नुसत्या शेंगांचे एक मडके वेगळे लावले होते. भांबुर्ड्याचा तो उग्र हिरवा वास शेंगेच्या दाण्यात उतरलेला असतो. मी किती खाल्ल्या ते सौभाग्यवतींना विचारू नये.

खाता खाता हिराजींनी देवळाची सगळी हकीकत सांगितली. मी शेंगा सोलत ऐकत राहिलो. सांगायचे ओठांवर येई आणि शेंग तोंडात जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माथ्यावर नेले. दगडाभोवती लाकडी कठडा, वर पत्र्याचे छप्पर. शेंदराच्या थरांखाली अक्षरे पार बुजली होती. बाजूला गोणपाटात गुंडाळलेली संगमरवरी फरशी आणि तिच्याशेजारी विडी ओढत बसलेला पाथरवट. मला पाहताच त्याने विडी विझवली आणि पेन्सिल पुढे केली.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो. तो माझ्या नाकावर होता. पाथरवट भला माणूस, त्याने पेन्सिल कानावर ठेवली.

"हा कठडा कशाला?" सौभाग्यवतींनी विचारले.

हिराजी जरा घुटमळले. "ती हलीमाबी हाय ना, दाऊदमियाँची लेक, ती दर सालाला येवाची न् भिजवलेलं चणं टाकाची. सरदाराच्या समाधीवर घोऱ्याचा खुराक! लोकं हसाला लागली. मीच सांगलं तिला, नको येव म्हनून. दोन सालं झाली."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, "तिचं घर कुठे आहे?"

पलीकडचा कालवा

ट्रामच्या वाटेने उतरत आम्ही दोघेच पलीकडे गेलो. रूळ नाहीत, पण वाट स्पष्ट कळते. कातळात तासलेली सपाट पट्टी आहे, आणि तिच्या मधोमध टापांनी झिजून एक उथळ पन्हळ पडली आहे. तिच्यात दव साचले होते. खाली कालव्यात आता तिवरांचे रान माजले आहे. भरतीचे पाणी त्यात अजून येते, पण होडी जाणार नाही.

हलीमाबींचे घर कालव्याच्या अगदी टोकाशी, माडांत. त्या साठीच्या पुढच्या असतील. मुलगे मुंबईला बोटीवर खलाशी आहेत. सौभाग्यवतींना त्यांनी लगेच ओळखले. "मास्तरीणबाई! तुमच्याकडे मी अंडी घेऊन यायची, नि तुम्ही म्हणायच्या, आम्ही खात नाही गो, पण बस, गूळ खा."

"अंडी घेत नाही म्हणून रोज सांगत होते, तरी रोज यायचीस."

"गूळ मिळायचा ना!"

चहा आला. मी कपाकडे पाहत होतो. सौभाग्यवतींनी तो उचलून सरळ तोंडाला लावला. या जन्मात त्यांनी मुसलमानाच्या घरचे पाणीही घेतलेले मला माहीत नव्हते. मग मीही प्यालो. आले घातलेला, दाट, गोड चहा होता.

मी विचारले, त्यांनी सांगितले. त्या लहान असताना पाहिलेली ट्राम त्यांच्या बोलण्यातून माझ्यासमोर चालू लागली. पलीकडून मचवा यायचा तो कालव्याच्या तोंडाशी. तिथून त्याला घोडा ओढायचा, काठाच्या वाटेने, लांब दोर लावून. टोकाला पोहोचला की मिठाच्या गोणी डब्यांत चढायच्या आणि तोच घोडा आता डब्यांना जुंपायचा. चढणीला जोडीला दुसरा घोडा. माथ्यावर सगळे थांबत. मग दोन्ही घोडे सोडायचे, आणि उतरणीला डबे आपल्या वजनाने सुटायचे. मागच्या डब्यावर पांडू दांडा दाबून उभा, चाकांतून ठिणग्या. गोणींवर बसलेली माणसे देवाचे नाव घेत. बायका डोळे मिटत. एका वऱ्हाडातली नवरीमुलगी मात्र पुन्हा एकदा जाऊ म्हणून हटून बसली होती.

"आणि घोडे?"

"घोडे मागनं यायचे. कोणी धरायचं नाही. अब्बा डब्यावर असायचे नि मोती आपला आपण चालत उतरायचा, दुसऱ्याला घेऊन. कालव्यापाशी येऊन उभा. दोर लावा म्हणून मान खाली."

"फार गुणी घोडा," मी म्हणालो.

त्या हसू लागल्या. "कुठला, मास्तर? आमच्याकडे तीन मोती झाले! पुढे जुंपतात तो मोती. एक म्हातारा झाला की दुसरा आणायचा नि त्याचं नाव मोती. मचव्यावरची माणसं लांबनं ओरडायची, मोती आला काय? रोज नवं नाव कोण सांगत बसणार? त्या दगडाखाली आहे तो पहिला. माथ्यावर दम खायला थांबला नि तिथेच बसला. अब्बांनी त्याला खाली ओढून नेऊ दिलं नाही. पांडूकाका म्हणाले, हितंच ठेवू, ही त्याची जागा."

सौभाग्यवतींनी विचारले, "आणि चणे?"

"अब्बा मरताना म्हणाले, सालातनं एकदा मूठभर टाकत जा. त्या जनावरानं आपल्याला जेवायला घातलं. बाकी काही नाही, मास्तर. फातेहा नाही, नवस नाही. मूठभर चणे." मग त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अब्बा तुमच्यावर रागावले नव्हते. म्हणायचे, शिकलेला माणूस, त्याला कायतरी ठाऊक असेल. एखादा सरदारही तिथे पुरलेला असेल."

परतताना चढणीवर मी मधेच थांबलो. सौभाग्यवतींना वाटले, मला दम लागला.

सभा

चार वाजता देवळाच्या जागी माणसे जमली. हिराजींनी माझी ओळख करून दिली, ती मी इथे लिहीत नाही. मग मी उभा राहिलो. भाषण तयार केले होते ते सगळे विसरलो.

"मोतीराव नावाचा सरदार झाला नाही," मी म्हणालो. "दगडावर 'मोती घोरा' असं लिहिलं आहे. घोरा म्हणजे घोडा. तो ट्रामचा घोडा होता. मी नवखा होतो, आडनाव समजलो. पुढे मला कळलं. दाऊदमियाँ आणि पांडू मला सांगायला आले होते. मी त्यांना परत पाठवलं. चूक माझी आहे, आणि ती दगडावर कोरू नये."

मग मागून एक अगदी जख्ख म्हातारा खोकत म्हणाला, "आमाला ठावं व्हतंच की."

"मंग बोलला का न्हाय, आजा?" कोणीतरी विचारले.

"बोललू! पन पोरं लगेच पुस्तक काढाची."

थोडे लोक हसले. जनाबाई नावाची एक धिप्पाड बाई कडेवरचा नातू सावरीत पुढे आली. "मी मोतीबाला नवस केला तवा ह्याचा बापूस झाला. मना सांगा, नवस घोऱ्यानं ऐकला का सरदारानं?"

"घोऱ्यानंच, जने. सरदार व्हताच कुठं!" तोच म्हातारा म्हणाला.

"मंग घोरा तं घोरा. पावला ना? सरदार घोऱ्यावरच बसतो, घोरा काय सरदारावर बसत न्हाय."

यावर मात्र सगळेच हसले. मला इतके हलके वाटले की मी खाली बसलो. आणि तेव्हा दिसले की हिराजी हसत नाहीत. ते उभे होते, टोपी हातात घेऊन.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी बापूस शालेन आला तवा मी पहिल्या रांगेन बसलो व्हतो. तुमी सांगलंव, छापलेलं बदलत न्हाय. पोरं मना चिरवाला लागली, तुजा बापूस खोटा बोलला. घरी जाऊन मी बापसाला बोललो, खोटारडा. पुरं जलमभर जवा जवा त्यो टरामचं सांगाला बसाचा तवा मी उठून जावाचो. मराच्या आदी सुद्दा त्यो सांगत व्हता, हिरू, ऐक. मी ऐकला न्हाय." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुमाला पोरं हायेत का, मास्तर?"

"आहेत."

"ती तुमचा ऐकतात?"

उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले. सभा आपोआप उठली. पाथरवट तेवढा मागे राहिला. "मग मी काय कोरू?" त्याने विचारले.

जत्रा

सकाळी हिराजी घरात नव्हते. त्यांच्या पत्नीने आमचा शिधा नेहमीसारखा काढून ठेवला होता, पण त्या लगेच पाठ फिरवून आत गेल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, मचवा मिळतो का पाहा, आपण इथे राहणं बरं नाही. मी पाहायला निघालो, तो माथ्यावर ढोल वाजू लागले. मिठाईवाले, बांगड्यावाले, पोयनाडहून आलेला एक टांगा, शेवगाठींचा वास. लोक मला पाहून बाजूला होत, पण कोणी वाईट बोलले नाही.

मग पलीकडच्या उतरणीवरून ट्रामच्या वाटेने दोघेजण वर येताना दिसले. पुढे हलीमाबी. मागे हिराजी, डोक्यावर भिजवलेल्या चण्यांची टोपली घेऊन.

ढोलवाला वाजवायचा थांबला. हिराजींनी टोपली खाली ठेवली, कठड्याच्या एका बाजूचे बांबू उपटले आणि हलीमाबींना आत घेतले. मग खोबरेल मागितले. दगडासमोर बसून त्यांनी शेंदराला तेल चोळले, करवंटीच्या काठाने हलके हलके खरवडायला सुरुवात केली. गुरवही येऊन त्यांच्या शेजारी बसला आणि निघालेला शेंदूर केळीच्या पानावर जपून ठेवू लागला. बराच वेळ लागला. आधी 'मो' चा काना दिसला, मग 'ती'. ठोकणाऱ्याला टाकीची सवय नव्हती हे अक्षरांवरून कळत होते, 'घो' तर कातळाच्या शिरेत घसरून वाकडा झाला होता. हिराजींनी त्या वाकड्या अक्षरात बोट घातले आणि टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवले, मुले पाटीवर गिरवतात तसे.

पाथरवट जवळ येऊन म्हणाला, "पंच, फरशीवर काय?"

"कायच न्हाय. बापसानं लिवलंय ते पुरे." आणि माझ्याकडे वळून, "का वो मास्तर? 'र' चा 'ड' कराचा का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर लिहिलं आहे."

कोरी फरशी दगडाच्या पायाशी आडवी टाकली. हलीमाबींनी पहिली मूठ तिच्यावर ठेवली, मग हिराजींनी, मग जनाबाईने नातवाच्या हाताने. टांग्याचा घोडा बाजूला मान हलवीत होता. कोणीतरी त्याला सोडून आणले आणि त्याने कसलाही संकोच न करता तो सगळा नैवेद्य फस्त केला. जत्रेतली माणसे बेंबीच्या देठापासून 'मोतीबाच्या नावानं चांगभलं' ओरडली. टांगेवाला घाबरून विचारीत होता, माझ्या घोड्याला काय केलंत?

शाळेचे सध्याचे मास्तर तरुण आहेत. त्यांनी विचारले, पुस्तकात आता काय लिहू? मी सांगितले, त्या वाक्यावर कागद चिकटवा, आणि त्या तासाला हलीमाबींना बोलवा. त्यांनी दोन्ही कबूल केले.

परत

हिराजी आम्हाला सोडायला धरमतरपर्यंत आले. माझ्या पायांत त्यांनी दिलेल्या वहाणा होत्या. क्षमा मागण्यासाठी मी दोनदा तोंड उघडले. पहिल्यांदा त्यांनी शिडाकडे पाहिले, दुसऱ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मास्तर. आलाव ना." त्यांनी मला माफ केले असे मी लिहिणार नाही. ते त्यांचे त्यांना ठाऊक.

मचव्यात वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन तीन व्यापारी चढले. कालव्याचे बुजलेले तोंड दिसले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने सहज विचारले, हा ओढा सरळ रेषेत कसा? हिराजी उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, ओढा नव्हे, कालवा आहे, आणि वर कातळावर ट्राम होती. मग घोडे, दोर, मिठाच्या गोणी, दांड्यावर उभा राहिलेला पांडू, चाकांतल्या ठिणग्या. मी ऐकत होतो. त्यातले निम्मे मला हलीमाबींनीही सांगितले नव्हते. ऐकले नाही असे ते म्हणाले होते, पण उठून जाता जाता त्यांच्या कानांवर बरेच पडले असावे. एके ठिकाणी डबे तीन होते की चार याचा त्यांचाच घोळ झाला, आणि एक घोडा पांढरा होता तो थोड्या वेळाने तांबडा झाला. सौभाग्यवतींनी माझ्या हातावर हात ठेवला. पण मी काही बोलणारच नव्हतो.

"कैच्या कै," व्यापारी हसून म्हणाला. "खाडीवर ट्राम! कोणी सांगितलं तुम्हाला?"

"माज्या बापसानं," हिराजी म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.